सवाशिणीचा हात

शितलच्या लग्नाचा चौक कोणी काढायचा, हा प्रश्न रानशेतच्या त्या घरात तीन महिने कोणी निलमच्या तोंडावर विचारला नव्हता, आणि तीन महिने दुसरं काही बोललंही जात नव्हतं. मांडवाच्या बांबूंवरून बोलणं निघालं तरी ते फिरून फिरून आतल्या कुडाच्या भिंतीपाशी यायचं आणि तिथे सगळ्यांनाच एकदम काहीतरी काम आठवायचं.

चौक काढायचा तो सवाशिणीने. जिचा नवरा जिवंत आहे तिनेच तांदळाच्या पिठीत काडी बुडवायची आणि भिंतीवर पालघट देवी बसवायची. देवी बसली की लग्न लागतं, नाहीतर नुसती जेवणावळ होते. पाड्यावर गेल्या अठरा वर्षांत झालेल्या बहुतेक लग्नांत ही काडी निलमच्या हातात होती. तिची रेघ न थांबता वळायची आणि वळून जिथून निघाली तिथेच बरोबर येऊन मिळायची. आणि निलमचा नवरा उमेश चौदा महिने रशियाच्या लढाईत बेपत्ता होता.

लढाईत जायला तो काही शिपाई नव्हता. घोलवडच्या वाड्यांतून चिकूचे खोके स्टेशनावर पोचवणारा टेम्पोवाला. वापीकडच्या कुणा एजंटाने गोदामात हेल्परचं काम आहे, थंडीचे कपडे फुकट आहेत असं सांगितलं आणि हा बॅगेत आपली छत्रीसुद्धा घालून निघाला. छत्री म्हणजे उमेशचा एक अवयवच. तिची मूठ सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवून तो बारा महिने हिंडायचा, चैत्र-वैशाखातही, आणि सगळा पाडा त्याला त्यावरून चिडवायचा. तिकडे पोचल्यावर न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेतली आणि गोदामाऐवजी गणवेश दिला. शेवटचा फोन गेल्या वर्षी होळीच्या आधी आला. इथं बरफ पडतोय आणि छत्री उघडू देत नायत, लांबून दिसते म्हणतात, असं तो हसत म्हणाला होता. त्यानंतर अर्ज गेले, उत्तरं आली, आणि उत्तरांत पुन्हा अर्ज करायला सांगितलेलं असायचं.

तर मग निलम सवाशीण की नाही? सासू सुकी म्हणायची, मढं दाखवा, मग मानते. तोवर माझी सून सवाशीण आणि तीच देवी बसवणार. मोतीबिंदूने तिच्या डोळ्यांना माणसं धुरकट दिसत, पण या बाबतीत तिला सगळं लख्ख दिसत होतं. शितल, उमेशची धाकटी बहीण आणि उद्याची नवरी, हिने तर वहिनीचा हात नसेल तर मी हळद लावून पिवळी होणार नाही असं जाहीर करून टाकलं होतं. आडवा पडला होता तो लडक्याकाका. सुकीचा नवरा चैत्या जाऊन सात वर्षं झाली. त्याचा हा धाकटा भाऊ घरातला वडीलधारा आणि पाड्याचा भगत. उमेश गेला असं तो म्हणत नव्हता. तो एवढंच म्हणायचा की माहीत नाय म्हणजे माहीत नाय, आणि देवीच्या भिंतीवर अंदाज चालत नाय. राहता राहिला सुनिल, उमेशचा पाठचा भाऊ, चित्रं काढणारा. त्याला कोणी विचारलं की तो ब्रश धुवायला उठायचा.

चौकाच्या दिवशी सकाळी निलमने तांदूळ वाटायला घेतले, पण पिठी ती स्वतः वापरणार की दुसऱ्या कुणाला देणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याकडची चार माणसं तलासरीहून टमटम करून आली. त्यांच्यात नितीन सर होते, नवऱ्या मुलाचे मामा, आश्रमशाळेत शिक्षक. दिसेल त्या गोष्टीचं कौतुक करायचा त्यांना नाद होता. मांडवाचं झालं, पाण्याचं झालं, आणि मग त्यांची नजर ओटीवरच्या जाड गुळगुळीत पुस्तिकेवर गेली.

ती सुनिलची होती. जर्मनीतल्या एका शहरात युद्धावरच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. निरनिराळ्या देशांतल्या बारा चित्रकारांना त्यांनी विचारलं होतं की ही लढाई तुमच्या दारापर्यंत कशी आली ते काढा. सुनिलने बारा फुटी कापड रंगवून डिसेंबरात पाठवलं होतं. त्याचा फोटो पुस्तिकेत मधोमध, तीन घड्या उलगडून बघायचा. पुस्तिका येऊन आठवडा झाला होता आणि सुनिलने ती कपाटावर टाकून दिली होती. श्रुतिकाने, निलमच्या अकरावीतल्या मुलीने, काकाचं नाव पाहुण्यांना दिसावं म्हणून आज ती मुद्दाम खाली काढून ठेवली.

नितीन सरांनी घड्या उलगडल्या आणि सगळे वाकले. गेरूच्या रंगावर पांढऱ्या मुंग्यांची एक रांग. एका टोकाला गव्हाचं शेत, तिथून प्रत्येक मुंगी दाणा उचलून निघालेली. रांग समुद्रावरून जाते, जहाजांच्या शिडांवरून चढते-उतरते, वाटेत तेलाचे डबे, खताच्या गोण्या, कापडाचे गठ्ठे. मधेच ती तुटते. तुटलेल्या जागी मुंग्या वाट विसरून गोल गोल फिरतात, एकमेकींच्या अंगावर चढतात. पलीकडच्या टोकाला रांग पुन्हा सुरू होते, पण दाण्यांशिवाय. आणि ती जिथे पोचते तिथे रानशेतचा पाडा, खताच्या दुकानापुढे उभी माणसं, कुलूप घातलेला एक कारखाना, आणि चुलीपाशी रिकामा तवा घेऊन बसलेली बाई.

सरांना ते फार आवडलं, पण शिक्षकच ते, शंका काढल्याशिवाय कसे राहतील. यात तोफा नाहीत, विमानं नाहीत, मग ही लढाई कशी म्हणायची? सुनिल म्हणाला, तोफा त्या लोकांनी रोज टीव्हीवर बघितल्यात. मग वाद रंगला. नवऱ्याच्या काकाचं म्हणणं, दोन राजे भांडतात, आपण भात लावावा. नवऱ्याच्या थोरल्या भावाला ते पटेना. उंबरगावच्या त्याच्या कंपनीत तीन दिवस काम आणि चार दिवस घरी असं सहा महिने चाललं होतं; परदेशचा माल उचलला जात नाही, आणि का उचलला जात नाही ते सुपरवायझरलाही सांगता येत नाही. भात लावायला युरिया कुठाय, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. बोलता बोलता जो तो आपापल्या घरातली एकेक गोष्ट काढून त्या रांगेत ठेवू लागला. उमेशचं नाव मात्र कोणी घेतलं नाही. पाहुण्यांना सोयरीक जुळतानाच सगळं सांगितलेलं होतं, म्हणून ते जपून बोलत होते.

जपले नाहीत ते नितीन सरच. डहाणूला जानेवारीत कॉलेजांची वादविवाद स्पर्धा झाली, तिथे ते परीक्षक होते. पहिली आलेली मुलगी हीच, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. विषयही हाच होता, ते आनंदाने म्हणाले. हिने जो काही मुद्दा मांडला, सभागृह गप्प झालं होतं. बोल की गे दोन वाक्यं, ऐकू दे तुझ्या माणसांना.

श्रुतिका नको म्हणाली. निलमने मुलीचं प्रमाणपत्र पाहिलं होतं, भाषण ऐकलं नव्हतं. विचारलं तेव्हा पोरीने विषय बदलला होता. आता सासूनेच आग्रह धरला. नात बोलते आणि आपण ऐकलं नाही, हे म्हातारीला चालणारं नव्हतं. शेवटी श्रुतिका खांबाला टेकून उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, विषय होता, दूरच्या युद्धाशी आपल्याला काही देणंघेणं नाही. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मला बाजूने बोलायची आली.

एवढं बोलून तिचा आवाज बदलला, स्टेजवरचा झाला. "जगात रोज कुठे ना कुठे लढाई चालू असते. प्रत्येकीसाठी थांबायचं ठरवलं तर आपण शाळेत कधी जायचं आणि जेवायचं कधी? तिकडे जो मरतो त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. त्याचं गाव माहीत नसतं. माहीत नसलेल्या माणसाचं सुतक कुणी पाळत नाही."

पुढचं वाक्य आलंच नाही. नितीन सरांचे हात टाळीसाठी वर गेले होते, ते तसेच राहिले. कुणाच्या मुलीला काय बोलायला लावलं हे त्यांना तेव्हा कळलं. शितल आतून ताडताड आली आणि असं कसं बोलवलं गे तुला, तुझा बाप तिथं असताना, म्हणून पोरीवर खेकसली.

"बोलवलं, कारण मला ते खरं वाटत होतं, आत्या," श्रुतिका म्हणाली. "समोरच्या मुलाकडे तेलाचे, जहाजांचे, सगळे आकडे होते. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी म्हटलं, ती लढाई आपली नाहीच, तर बाबा तिथं नाहीतच. चार मिनिटं ते तिथं नव्हते."

ती आत निघून गेली. ओटीवर कुणाला कुणाकडे बघवेना. निलमला उठून मुलीमागे जायचं होतं, पण पाहुण्यांपुढून तिला उठता येईना. आपल्या पोरीला सभागृहभर परक्या लोकांसमोर उभं राहून बाप नाहीसा करावा लागला, तेव्हा कुठे तिला चार मिनिटं श्वास घेता आला, आणि आपण तिच्या प्रमाणपत्राला चौकट करून भिंतीवर लावलं होतं.

लडक्याकाका एका बाजूला बसला होता. वाद घालायला त्याला आवडे, पण चित्र त्याने अजून नीट पाहिलं नव्हतं. ओशाळलेल्या सरांनी काहीतरी करायचं म्हणून पुस्तिका त्याच्या पुढे केली. काकाने चष्मा लावला, मुंग्यांच्या रांगेवरून बोट फिरवत फिरवत डावीकडून उजवीकडे गेला, पाड्यापाशी पोचला, तवा घेतलेल्या बाईच्याही खाली सरकला आणि तिथे त्याचं बोट थांबलं. मग त्याने पुस्तिका मिटली, चष्मा काढला आणि जमिनीकडे बघत म्हणाला,

"निलम, पिठी झाली असंल तर बस भिंतीपाशी. उशीर नको."

सुकीने मान वर केली. तीन महिने आडवा पडलेला दीर एका वाक्यात बाजूला झाला, याचा तिला आनंद झालाच, पण तो दाखवायचा नाही म्हणून तिने पदर सारखा केला. शितल हसली. पाहुण्यांना वाटलं, वातावरण हलकं करायला म्हातारा बोलला. निलमला मात्र तो आवाज ठीक वाटला नाही. लडक्याकाकाने अठरा वर्षांत तिला बस म्हणून सांगताना एकदाही जमिनीकडे पाहिलं नव्हतं. ओटी रिकामी झाल्यावर तिने पुस्तिका उचलली आणि त्याचं बोट जिथे थांबलं होतं ती जागा शोधली.

चित्राच्या अगदी कडेला, झाडाच्या मुळांत, एक उभी अरुंद पाटी काढली होती. वर गोल झालेली. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, खाली घोडा, घोड्यावर माणूस. पाड्याबाहेर सागाच्या झाडांत अशा लाकडी पाट्या उभ्या आहेत. जो घरात, वय होऊन मरतो त्याला त्या लागत नाहीत. पाण्यात, रस्त्यावर, झाडावरून पडून, कुणाच्या हातून जो जातो तो वाट चुकतो, म्हणून त्याची पाटी कोरून, वाजवत नेऊन, वीर म्हणून त्याला बसवतात. तेव्हा तो आपल्या बापजाद्यांत जातो. जिवंत माणसाला त्या पाटीत कोणी काढत नाही, चेष्टेतही नाही. परक्याला ते एक सुंदर घोडेस्वाराचं चित्र वाटलं असतं. घोडेस्वाराच्या मानेमागे, कॉलरला मूठ अडकवलेली एक छत्री लोंबत होती.

सुनिल घरामागे पाण्याच्या टाकीला पाइप जोडत होता. निलमने पान उघडून त्याच्या पुढे धरलं आणि विचारलं, कधीपासून माहितेय तुला. त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, दिवाळीच्या आधीपासून.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. पंजाबकडचा एक मुलगा, उमेशबरोबर एकाच खंदकात होता, पायाला लागून सुटून घरी आला. त्याने उमेशच्या वहीतला नंबर फिरवला. फोन आला तेव्हा सुनिल कोसबाडला शाळेतल्या मुलांना चित्रं शिकवत होता. त्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून कागदही नाही आणि कागद येणारही नाही. सुनिलने वर्ग पुरा केला, मुलांच्या काड्या धुऊन ठेवल्या आणि घरी येऊन जेवला. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शितलला बघायला तलासरीची माणसं आली. मग श्रुतिकाची परीक्षा, मग आईच्या डोळ्यांची तारीख. रोज सकाळी ठरवायचा आणि रोज काहीतरी निघायचं.

"त्या लोकांचं कापड काढत होतो. जहाजं निघाली, गहू निघाला, सगळं जग निघालं हातातून. तो कोपरा तेवढा भरेना. एके दिवशी दादाला काढला आणि गुंडाळी करून पाठवून दिलं. म्हटलं, तिकडं कोण ओळखणार." त्याने पाइप खाली ठेवला. "तिथं लोक उभं राहून बघतात म्हणे, वहिनी. एक म्हातारी त्या कोपऱ्यापाशी रडली, त्यांनी मला कळवलं."

"सगळ्या जगाला सांगितलंस," निलम म्हणाली. "मलाच तेवढं नाही."

सुनिलने पाइप पुन्हा उचलला. निलमला रडू आलं नाही. आधी आला तो राग, आणि तोही विचित्र. कुठली कोण म्हातारी, तिने तिच्या आधी उमेशसाठी रडून घेतलं होतं. सात महिने निलम कुंकू लावत होती, दारातल्या प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला बाहेर येत होती, आणि तिचा नवरा परदेशातल्या एका भिंतीवर वीर होऊन बसला होता, तिकीट काढून लोक त्याला बघत होते. तिला सुनिलच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. त्याने ते चित्र काढलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं, आणि लगेच त्याने ते काढलं म्हणूनच आपल्याला कळलं हेही ध्यानात आलं.

सुनिलचं म्हणणं असं की लग्न होऊन जाऊ दे, पाचव्या दिवशी आपण घरात सांगू, आणि उमेशदादाची पाटी कोरायला टाकू. लाकूड त्याने पाहून ठेवलं होतं. निलम ऐकत होती आणि तिचं डोकं, इतक्या वर्षांच्या सवयीने, भिंतीचाच विचार करत होतं. पाचव्या दिवशी सांगितलं की सहाव्या दिवशी लोक विचारतील, चौक कुणी काढला होता. दिवाळीआधीच गेलेल्या माणसाच्या बायकोने. मग शितलला जे काही होईल, मूल राहिलं नाही, नवऱ्याची कंपनी बंद पडली, साधा ताप आला, तरी ते या हातामुळे झालं असं म्हणतील. आणि निलम स्वतःही तेच म्हणेल, कारण तिचाही त्यावर विश्वास होता. ती तिला मिळालेली शिकवण होती आणि ती खोटी आहे असं तिला एक क्षणभरही वाटत नव्हतं. म्हणजे आज काडी हातात घेतली तर पुढे कधीच सांगता येणार नाही. उमेशची पाटी कधीच उभी राहायची नाही. तो बर्फात कुठेतरी वाट चुकून राहील, आणि त्याला तिथे ठेवणारी ती असेल.

आणि काडी घेतली नाही तर कारण सांगावं लागेल आणि आत्ताच्या आत्ता सगळं संपेल. सुतक लागेल, तलासरीची माणसं उठतील, शितल चोवीस वर्षांची, दुसऱ्यांदा मांडव पडणार नाही. आणि श्रुतिका.

लडक्याकाका घराच्या कोपऱ्याशी येऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो म्हणाला, माझ्या डोळ्यांना कमी दिसतं असं समज, पोरी. पाप लागलं तर भगताला लागू दे, मीच बस म्हणालो. उभ्या जन्मात त्याने देवीच्या बाबतीत एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, आणि आज तो पुतणीच्या लग्नासाठी देवीशीच लबाडी करायला निघाला होता. निलमला त्याची कीव आली, पण त्याने काही सोपं झालं नाही.

तिच्या मनात एक वाट होती. सवाशिणी दोघी-तिघी बसतातच. चौकट, वेली, झाडं, ढोल वाजवणारे, नाचणारे, हे सगळं आपण काढायचं आणि मधली देवी चिमणच्या बायकोकडून काढून घ्यायची. चिमण चुलत दीर, त्याची बायको नवखी, तिची रेघ वाकडी यायची. पण ती सवाशीण होती, आणि वाकडी देवी खोट्या देवीपेक्षा बरी. असं ठरवून निलम हात धुऊन भिंतीपुढे बसली.

दुपारभर ती काढत होती. लग्न लावणारी धवलेरी बाई बाजूला बसून देवीची गाणी म्हणत होती, आणि निलमचा हात चालत होता. इतकी चांगली चौकट तिच्या हातून यापूर्वी उतरली नव्हती, हे तिला स्वतःला कळत होतं. डोकं बाजूला ठेवलं की हात बेस चालतो, असं उमेश म्हणायचा. त्याची आठवण आली तरी रेघ हलली नाही. पाड्यावरच्या बायका दाराशी दाटीने उभ्या राहिल्या. सुकी भिंतीला नाक लावून एकेक वेल बघत होती आणि पाहुण्यांना सांगत होती, माझ्या सुनेचा हात आहे, माझ्या उमेशच्या बायकोचा.

मधली जागा तेवढी रिकामी राहिली. निलमने काडी चिमणच्या बायकोपुढे धरली, माझं मनगट भरून आलंय, देवी तू बसव, असं म्हणाली. ती बिचारी घाबरून मागे सरली. शितल आतून म्हणाली, वहिनी, तूच. लडक्याकाकाने तोंड दुसरीकडे फिरवलं. आणि बायकांच्या गर्दीतून श्रुतिका पुढे आली. डोळे सुजलेले, हातात मोबाइल.

"आई, तू का नाही काढत?" तिने हळू विचारलं. मग आणखी हळू, "लडक्याआज्याने पण बस म्हटलं ना तुला. म्हणजे त्याला माहितेय ना, की बाबा..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. तिला पुरं करायची हिंमत नव्हती, आणि निलमला ते पुरं होऊ द्यायचं नव्हतं. एका बाजूला शितलचा उभा संसार होता, हळद लागायच्या बेतात असलेली तिची नणंद, जिने तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. दुसऱ्या बाजूला वाट चुकलेला नवरा. आणि समोर ही सोळा वर्षांची पोर, आईचा हात कुठे जातो एवढंच बघत उभी. निलमने देवीची मनात क्षमाही मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. तिने काडी पिठीत बुडवली आणि रिकाम्या जागेत पालघट काढली, पाय, पोट, हात, केस, एकाही ठिकाणी न थांबता.

रेघ येऊन रेघेला मिळाली तेव्हा बायकांनी गाणं उचललं. सुकीने कुंकवाचा करंडा मागवला आणि चाचपडत निलमच्या कपाळावर कुंकू लावलं. अंदाज चुकला, थोडं नाकावर पडलं, सगळ्या हसल्या. लडक्याकाकाने रीतीप्रमाणे चौकावर कापड टाकलं. बाहेर सुनिल पाहुण्यांना चहा देत होता. आत काय झालं हे त्याला गाण्यावरून कळलं असणार, तो आत आला नाही.

हळद लावायलाही सवाशीणच लागते. त्यानंतर नवरीची ओटी, उद्या सकाळचं पाणी, पाठवणीचं ओवाळणं. एकदा देवी बसवली की पुढच्या प्रत्येक कामाला तिचंच नाव येणार, हे निलमच्या आता ध्यानात आलं. ती हळदीचं ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेली तर श्रुतिका मागोमाग आली. पोरीचा चेहरा धुतल्यासारखा मोकळा झाला होता. किती महिन्यांनी, ते निलमला आठवेना.

"कापड टाकायच्या आधी फोटो काढला मी," ती म्हणाली. "बाबांच्या नंबरवर पाठवला. इतके दिवस मी काहीच पाठवत नव्हते, मला भीती वाटायची. एकच टिक आलीय, पण फोन चालू झाला की बघतील ना?"

निलमने ताट उचललं. भिंतीवर जे हाताने केलं होतं ते आता तिला तोंडाने करायचं होतं, आणि यापुढे रोज करायचं होतं.

"बघतील," ती म्हणाली.